यंत्राची किंमत आणि भार उचलण्याचा खर्च

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनला जाणाऱ्या रस्त्यावर, पूर्णा नदीच्या काठी केदारखेडा लागते. भोकरदन तालुक्यातले हे गाव आणि आसपासचा सारा मुलूख शेतीवर जगतो. पण शेतीच्या आधाराने इथे अनेक धंदे उभे राहतात आणि त्यांतल्या बहुतेक धंद्यांत काही ना काही वजन खालून वर न्यावे लागते. सरकी काढून दाबलेली कापसाची एक गाठ १७० किलोची असते. सिमेंटची गोणी ५० किलोची. मका, सोयाबीन पोत्यांत भरून गोदामात थप्पीला लागतात, मोसंबीचे कॅरेट गाडीत चढतात, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून मिरचीची पोती ट्रकमध्ये जातात, जालन्याच्या कारखान्यांतून सळईचे बंडल उतरतात. आणि जमिनीखाली विहिरीचे काम चालू असेल तर दगड-मुरूम दिवसभर वर येत राहतो. त्यामुळे गोदाम, जिनिंग, बांधकाम साहित्याचे दुकान किंवा विहिरीचे ठेके यांपैकी काहीही करणारा माणूस कधी तरी उचल यंत्र घ्यायला निघतो आणि दुकानात त्याचा पहिला प्रश्न असतो, “केवढ्याला?” प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तराने हिशेब पुरा होत नाही. यंत्राची किंमत हा भार उचलण्याच्या एकूण खर्चाचा लहान भाग असतो. मोठा भाग असतो तो उचललेला भार पडू न देण्याचा. स्वस्त यंत्र बहुतेक वेळा याच दुसऱ्या भागात काटछाट करून स्वस्त झालेले असते. या प्रकरणात हा हिशेब मांडायचा आहे.

भार उचलणे ही मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवी गोष्ट नाही. पंप येण्यापूर्वी विहिरीवर मोट चाले. काठावर खांब, आडव्या लाकडात फिरणारे चाक, चाकावरून जाणारा जाड नाडा, चामड्याची मोट आणि ती ओढणारे बैल. बैलांची धाव उतरती ठेवलेली असे, म्हणजे पाणी वर येताना बैलांच्या ताकदीला त्यांच्या स्वतःच्या वजनाचीही जोड मिळे. वर आलेले पाणी थारोळ्यात पडून पाटाला लागे. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ही पक्की रचना होती. पण मोटेचा खरा खर्च चाक, चामडे आणि दोर यांत नव्हता. तो बैलांत होता. मोट वर्षातून काही महिनेच चाले, बैल मात्र बाराही महिने वैरण खात. मोट हाकायला एक माणूस दिवसभर अडकून पडे. नाडा झिजला की तो वेळेत बदलावा लागे, कारण तुटलेल्या नाड्याबरोबर मोट विहिरीत जाई आणि बैल धावेवर तोंडघशी पडत. एकदा करायचा खर्च, रोज करायचा खर्च आणि मोडतोड टाळण्याचा खर्च, हे तिन्ही मोटेच्या हिशेबात होते. आज बैलांच्या जागी मोटर किंवा इंजिन आले आहे. खर्चाची ही तीन खाती तशीच राहिली आहेत. आजचा खरेदीदार मात्र बहुधा पहिल्याच खात्याकडे पाहून निर्णय घेतो.

विहिरीचेच उदाहरण जरा खोलात घेऊ. केदारखेड्याच्या परिसरात वर मुरूम आणि खाली काळा बेसाल्ट खडक असतो. समजा विहिरीचा व्यास ६ मीटर आणि खोली १२ मीटर आहे. तिच्यातून सुमारे ३४० घनमीटर दगडमाती निघेल. मुरूम आणि खडक यांची सरासरी घनता घनमीटरला २.२ टन धरली तर हे वजन साडेसातशे टनांच्या आसपास जाते. काही माल वरच्या थरातला, काही तळातला. म्हणून सरासरी उंची ६ मीटर धरू आणि काठाच्या वर न्यायला आणखी २ मीटर. साडेसातशे टन वजन ८ मीटर वर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा किती? पदार्थविज्ञानाचे साधे सूत्र लावले तर उत्तर येते सुमारे १६ युनिट वीज. युनिटला १० रुपये दर धरला तरी १६० रुपये. डिझेल इंजिनावर हेच काम नुसत्या हिशेबाने पाच-सहा लिटरांत व्हायला हवे. प्रत्यक्षात डिझेल याच्या कितीतरी पट जाते, कारण इंजिन रिकामे धावते, लोखंडी बकेटचे वजनही वर-खाली होते, घर्षणात शक्ती वाया जाते. पण दसपट धरले तरी आकडा काही हजारांतच राहतो. रोजगार हमी योजनेतून मिळणाऱ्या विहिरीची अनुदानमर्यादा नोव्हेंबर २०२२मध्ये ३ लाखांवरून ४ लाख रुपये झाली. त्या रकमेपुढे वजन वर नेण्याची निव्वळ ऊर्जा नगण्य आहे. म्हणजे निसर्ग वजन वर न्यायला जवळजवळ काहीच पैसे मागत नाही. मग यंत्रावर जे लाखो रुपये जातात, ते कशासाठी?

याचे उत्तर विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या यारीतच पाहायला मिळते. कुणी तिला नुसते क्रेन म्हणतात. लोखंडी सांगाडा, फिरणारा दांडा, इंजिन, दोर गुंडाळणारा ड्रम, ब्रेक आणि वायररोपला लटकलेली बकेट, एवढीच तिची रचना. इंजिन बिघडले तर काम थांबते आणि दिवस बुडतो. ब्रेक सटकला किंवा दोर तुटला तर भरलेली बकेट खाली काम करणाऱ्या माणसांवर येते आणि विहिरीत बाजूला पळायला जागा नसते. म्हणून यारीतला महत्त्वाचा भाग कोणता, तर दोर आणि ब्रेक. १० मिलिमीटर जाडीचा चांगल्या प्रतीचा पोलादी दोर साडेपाच ते सहा टनांच्या आसपास तुटतो. तरी त्यावर एक टनाच्या वर भार टाकायचा नसतो, कारण माल उचलणाऱ्या दोरासाठी किमान पाचपट सुरक्षागुणक धरण्याची रीत आहे. ही पाचपट कुठे खर्च होते, तेही पाहण्यासारखे आहे. भार एकदम लटकला तर दोरावरचा ताण क्षणभर दुप्पट होतो. बकेट कपारीत अडकून सुटली किंवा ब्रेक झटक्याने लागला तर त्याहूनही वाढतो. कप्पी लहान असेल तर दोर प्रत्येक फेऱ्यात तीव्र वळतो आणि आतल्या तारा थकतात. पाणी आणि दगडाची भुकटी त्यांना आतून खात राहते. दोराला फडके गुंडाळून तो हळूहळू सरकवला की तुटलेल्या तारा फडक्याला अडकतात. व्हर्नियरने जाडी मोजली आणि ती मूळ जाडीपेक्षा १० टक्क्यांच्या आसपास कमी भरली, तर दोर बदलायचा. त्या दिवशीही तो दोर बकेट वर आणतच असतो, आणि म्हणूनच तो बदलायचे जिवावर येते. पाचातले तीन गुण संपले तरी काम पूर्वीसारखेच चालते. चौथा आणि पाचवा मात्र बहुधा एकाच झटक्यात जातात.

उचल यंत्राच्या किमतीतले फरक समजायला इथून मदत होते. ‘दहा टनांची क्रेन’ एवढ्या वर्णनावर दोन विक्रेत्यांच्या भावांत मोठी तफावत आढळते आणि महाग सांगणारा लुटतो आहे असे वाटते. पण टनांचा आकडा फक्त एकदा किती उचलायचे ते सांगतो. दिवसात किती वेळा आणि किती वर्षे, हे तो सांगत नाही. त्यासाठी क्रेनचे एम-१ ते एम-८ असे कार्यवर्ग असतात. दुरुस्तीच्या शेडमध्ये आठवड्यातून दोनदा इंजिन उचलणाऱ्या क्रेनला हलका वर्ग पुरतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून त्याच्या सळया लाटल्या जातात; तिथे भट्टीशी जोडलेल्या क्रेनला उष्णतेत, रात्रंदिवस, जवळपास पूर्ण भाराने काम करावे लागते आणि तिला सर्वांत वरच्या वर्गांतली बांधणी लागते. दोन्हींवर टनांचा आकडा सारखाच लिहिलेला असू शकतो. मोटर, गिअर, ब्रेक आणि गर्डरमधले पोलाद मात्र वेगळे असते. फोर्कलिफ्टबद्दलही असाच गैरसमज असतो. तीन टनांची फोर्कलिफ्ट तीन टन उचलते ते भाराचा मध्य काट्यांच्या मुळापासून ठरावीक अंतरावर, सहसा ५०० मिलिमीटरवर, असेल तरच. लांबट पेटी किंवा कापसाच्या दोन गाठी एकापुढे एक घेतल्या की भार पुढे सरकतो आणि यंत्राची ताकद घटते. जितके उंच न्यावे तितकी ती आणखी घटते. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी मालाचे वजन, आकार, उंची आणि दिवसाच्या फेऱ्या हे चार आकडे लिहून काढावेत. ते हाती नसताना भाव विचारला, तर विक्रेता कुठल्या तरी वेगळ्याच कामाच्या यंत्राचा भाव सांगणार.

आता पैशांचा हिशेब. पुढचे आकडे पद्धत समजावण्यासाठी धरले आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत. समजा केदारखेड्यात शेतमालाचे गोदाम आहे आणि त्यासाठी १० लाखांची फोर्कलिफ्ट घेतली. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ११ लाख ८० हजार झाले. यंत्र १० वर्षे चालेल आणि शेवटी २ लाखांना जाईल असे धरले, तर दर वर्षीची झीज ९८ हजार रुपये. गुंतलेल्या सरासरी रकमेवर ११ टक्क्यांनी व्याज सुमारे ७६ हजार. चालकाला महिना १५ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. हंगामात वर्षाला २,००० टन माल हलवायला तासाला १० टनांच्या वेगाने २०० तास लागतील. तासाला ३ लिटर आणि लिटरला ९० रुपये धरून डिझेल ५४ हजारांचे. टायर, तेल, दुरुस्ती, विमा आणि तपासणी मिळून ६० हजार. एकूण वर्षाचा खर्च सुमारे ४ लाख ६८ हजार. टनाला २३४ रुपये, ५० किलोच्या पोत्याला पावणेबारा रुपये. यात यंत्राच्या झिजेचा वाटा जेमतेम एक पंचमांश आहे. व्याज धरले तरी तो चाळीस टक्क्यांच्या आत राहतो. आता याच यंत्राने वर्षाला १०,००० टन माल हलवला आणि दुरुस्तीचा खर्च दुप्पट धरला, तर टनाचा खर्च ७४ रुपयांवर येतो. यंत्र तेच, किंमत तीच, चालकही तोच. तरी एका गोदामाला टन तिपटीहून महाग पडला आणि दुसऱ्याला स्वस्त. खर्च ठरवला तो वापराने. भाव करताना घासाघीस करून ५० हजार वाचवल्याने पहिल्या गोदामाचा टनामागे सुमारे चार रुपये फायदा होईल. यंत्र वर्षातले नऊ महिने उभे राहिल्याने होणारा तोटा त्याच्या कितीतरी पट आहे.

यावर पहिला आक्षेप अनुदानाचा येतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांना राज्याच्या ‘स्मार्ट’ प्रकल्पातून ६० टक्क्यांपर्यंत अर्थसाहाय्य मिळाले आहे. २०२०मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ७ वर्षांपर्यंत ३ टक्के सवलत मिळते. मग किमतीची चिंता कशाला? या योजना उपयोगाच्या आहेत आणि पात्र असणाऱ्याने त्यांचा लाभ जरूर घ्यावा. पण वरच्याच उदाहरणात पूर्ण किमतीवर ६० टक्के अनुदान धरून पाहू. टनाचा खर्च २३४ रुपयांवरून १७९ रुपयांवर येतो. साठ टक्के अनुदानाने खर्च पाव हिश्शाहूनही कमी उतरला, कारण अनुदान मिळते ते खरेदीवर. चालकाचा पगार, डिझेल, टायर आणि तपासणी यांवर ते मिळत नाही. अनुदानाच्या ओढीने गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतले, तर हे न सुटणारे खर्च त्याच्या आकाराबरोबर वाढतात. अनुदानातून आलेली अवजारे शेडमध्ये गंजत पडल्याची तक्रार गावोगाव ऐकू येते. तिचे कारण बहुतेक वेळा इथेच सापडते. जीएसटीचेही असेच आहे. करपात्र माल विकणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला यंत्रावर भरलेल्या कराची वजावट मिळते. करमुक्त शेतमालच विकणाऱ्याला किंवा कंपोझिशन योजनेत असलेल्याला ती मिळत नाही. जालन्यातल्या सळईच्या व्यापाऱ्याला जे यंत्र १० लाखांना पडते, तेच केदारखेड्याच्या धान्य गोदामाला ११ लाख ८० हजारांना पडू शकते. शेजाऱ्याने केवढ्याला घेतले, हे ऐकून आपला भाव ठरवता येत नाही तो यासाठी.

आता सगळ्यात जड खात्याकडे येऊ. १० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्याच्या बाळकुम भागात बांधकाम चालू असलेल्या उंच इमारतीची मालवाहू लिफ्ट कोसळून सात कामगार दगावले. त्याच्या सव्वा महिना आधी, ३१ जुलैच्या रात्री, शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि वीस जण गेले. जालना जिल्ह्यातून जातो तोच हा महामार्ग. या मोठ्या बातम्या झाल्या. विहिरीत दोर तुटून एखाद-दुसरा मजूर गेला तर जिल्ह्याच्या पानावर चार ओळी येतात. माणसाच्या जिवाची किंमत करता येत नाही आणि करूही नये. तरी कायद्याने मालकावर टाकलेली जबाबदारी आकड्यांत मांडता येते. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या सूत्राने, १५ हजार रुपयांच्या वेतनमर्यादेवर, तीस वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होई. वरच्या उदाहरणातल्या फोर्कलिफ्टपेक्षा हा आकडा मोठा आहे, आणि यात पोलीस केस, थांबलेले काम, गेलेली पत धरलेली नाही. १९४८च्या कारखाना कायद्याने उचल यंत्रे, साखळ्या आणि दोर यांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा, तर लिफ्ट आणि होइस्टची सहा महिन्यांतून एकदा पूर्ण तपासणी सक्तीची केली. प्रत्येक यंत्रावर सुरक्षित भाराचा आकडा लिहिणेही बंधनकारक केले. नोव्हेंबर २०२५मध्ये नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू होऊन तो कायदा तिच्यात सामावला गेला. या तपासणीचा वर्षाचा खर्च भरपाईच्या रकमेपुढे किरकोळ आहे.

यावर दुसरा आक्षेप असा की हे सगळे मोठ्या कारखान्यांसाठी आहे. चार-सहा माणसांच्या गोदामाला किंवा विहिरीच्या ठेक्याला कारखान्याचे नियम लागू नसतात, तपासायला कुणी येत नाही, आणि गावातल्या फॅब्रिकेटरने बनवलेली यारी वर्षानुवर्षे चालते. यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. कामगारांची संख्या ठरावीक मर्यादेच्या आत असली की कारखान्याची व्याख्या लागत नाही. पण दोर तुटताना हजेरीपट पाहत नाही. उलट तपासायला कुणी येणार नाही हेच कारण स्वतः तपासण्यासाठी पुरेसे आहे. दुसऱ्या भागाबद्दल म्हणायचे तर, जालना-भोकरदन पट्ट्यातल्या वर्कशॉपवाल्यांचे कौशल्य खरोखर मोठे आहे आणि त्यांचे यंत्र वाईटच असेल असे मुळीच नाही. फक्त ते घेताना काही गोष्टी मागून घ्याव्यात. दोराचे आणि हुकाचे प्रमाणपत्र असावे. ठरलेल्या भारापेक्षा पाव हिस्सा जास्त भार टाकून घेतलेली चाचणी डोळ्यांसमोर व्हावी. इंजिन बंद पडले तरी आपोआप लागणारा ब्रेक असावा. बकेट फार वर गेली तर थांबवणारी व्यवस्था असावी आणि यंत्रावर सुरक्षित भार ठळक लिहिलेला असावा. जुने यंत्र घेताना हुकाचे तोंड मोजून पाहावे. ते मूळ मापापेक्षा १० टक्क्यांहून जास्त उघडले असेल तर त्या हुकाने कधीतरी झेपण्याबाहेरचे वजन सोसले आहे. आणि एक गोष्ट कुठल्याही यारीत करू नये. माल उचलणाऱ्या बकेटमधून माणसांनी चढ-उतार करू नये. विहिरीवर शिडी लावायला लागणारा वेळ आणि खर्च जिवापुढे काहीच नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यंत्र आले की हमालाच्या पोटावर पाय येतो. महाराष्ट्रात हा प्रश्न हलक्याने घेता येत नाही, कारण डोक्या-पाठीवर ओझे वाहणाऱ्यांना संरक्षण देणारा माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा १९६९मध्ये याच राज्यात झाला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांनी पुण्यात हमालांच्या संघटना बांधल्या त्या याच कष्टांच्या हक्कासाठी. एके काळी हमालाच्या पाठीवर क्विंटलचे पोते असे. झगडून ते ५० किलोवर आले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहायच्या वजनाची मर्यादा ५५ किलो आहे. कापसाची १७० किलोची गाठ या मर्यादेच्या तिपटीहून जड आहे. ती हाताने हलवायची म्हणजे तीन-चार जणांनी कंबर पणाला लावायची. हमालाची कंबर पंचेचाळिशीत जाते आणि त्याचा खर्च कुठल्याच गोदामाच्या वहीत लागत नाही. तो त्याच्या घरच्यांच्या माथी बसतो. म्हणून हमालीचा दर आणि यंत्राचा टनामागचा खर्च यांची तुलना करताना हमाली स्वस्त दिसते ती अर्धवट हिशेबामुळे. यंत्राने वजन घ्यावे, मजुरी घेऊ नये. टोळीतल्याच माणसांना चालवायला शिकवावे आणि टनामागचा त्यांचा वाटा ठरवून द्यावा. गाठीचे वजन, थप्पीचा तोल आणि पट्टा कुठे बांधावा हे त्यांना आधीच कळते. नव्याने शिकायचे ते थोडे असते. उदाहरणार्थ, दोन पायांच्या साखळीने वजन उचलताना साखळी आडव्या रेषेशी ३० अंशांपर्यंत पसरली, तर प्रत्येक पायावर निम्मा नव्हे, पूर्ण वजनाएवढा ताण येतो. हे शिकलेला माणूस नवख्या चालकापेक्षा मालकाला कितीतरी स्वस्त पडतो.

हिशेब मांडला की पुष्कळदा असे दिसते की यंत्र विकत घेण्याची गरजच नाही. ट्रकच्या हौद्याची उंची साधारण सव्वा मीटर असते. गोदामाचा जोता बांधतानाच त्या उंचीला नेला आणि फरशी सपाट, मजबूत केली, तर चढ-उताराचे बरेचसे काम पंधरा-पंचवीस हजारांच्या हातगाडीवजा पॅलेट ट्रकने होते. फोर्कलिफ्ट लागते ती उंच थप्पी लावायची असेल तरच. फरशी खडबडीत ठेवून १० लाखांची फोर्कलिफ्ट आणणे म्हणजे टायर आणि माल दोन्हींचे नुकसान. वर्षातून चार-पाच वेळाच ट्रान्सफॉर्मर किंवा मोठी मोटर उचलायची असेल तर हायड्रा क्रेन भाड्याने आणावी. दुरुस्तीच्या शेडमध्ये हाताने चालणारी चेन कप्पी पुरते. विजेवर चालणारा होइस्ट घ्यायचा असेल तर आधी वीजजोडणी पाहावी. कृषी वाहिनीवर थ्री फेज वीज दिवसात आठ तासांच्या आसपास आणि कधी दिवसा, कधी रात्री येते. त्या भरवशावर धंद्याचे यंत्र चालत नाही, आणि औद्योगिक जोडणीचा खर्च यंत्राच्या किमतीत धरावा लागतो. एका गावात वर्षाला दोन हजार टनच माल असेल, पण शेजारच्या चार गावांत मिळून दहा हजार टन असेल, तर एक यंत्र सगळ्यांनी मिळून घ्यावे. कापूस, मका आणि मोसंबी यांचे हंगाम पूर्णपणे एकावर एक येत नाहीत, याचा अशा सामायिक यंत्राला फायदाच होतो. ट्रॅक्टर आणि जेसीबी तासावर भाड्याने देण्या-घेण्याची रीत आपल्याकडे रुळलेली आहे. गोदामाच्या यंत्रांपर्यंत ती अजून पुरेशी पोहोचलेली नाही.

तेव्हा उचल यंत्र घेणाऱ्याने दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर वर्षाला किती टन, किती उंच आणि किती दिवस हे लिहावे. त्याखाली झीज, व्याज, चालक, इंधन, दुरुस्ती आणि तपासणी यांची बेरीज करून टनाचा खर्च काढावा आणि तो हमाली व भाड्याच्या दराशी ताडून पाहावा. विकत घेणे परवडत नसेल तर भाड्याने घ्यावे, भागीत घ्यावे किंवा जोता उंच करून काम भागवावे. परवडत असेल तर चांगले घ्यावे आणि दोर, ब्रेक, हूक, तपासणी व शिकलेला माणूस या पाच बाबतींत एक रुपयाही वाचवू नये. ज्या धंद्याला या पाच गोष्टी झेपत नाहीत, त्या धंद्याला ते यंत्र झेपत नाही, मग त्याची किंमत कितीही कमी असो.